गृहोपचार आणि दूरदेखरेख : क्षयरोगचिकित्सेच्या इतिहासातील एक प्रश्न

संसर्गजन्य रोगाच्या रुग्णास घरी ठेवून त्याच्यावर दुरून लक्ष ठेवणे ही कल्पना भ्रमणध्वनीबरोबर जन्मास आली, असा समज आढळतो. २०२० सालच्या कोविडच्या साथीत गृहविलगीकरणातील रुग्णांची विचारपूस दूरध्वनीवरून होऊ लागल्याने तो अधिक दृढ झाला. वस्तुतः या पद्धतीतील मूळ प्रश्न त्यापूर्वी सहा दशके मद्रास येथे उपस्थित झाला होता.

१९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने तेथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याची धुरा वॉलेस फॉक्स यांच्याकडे होती. देशातील क्षयरुग्णांच्या मानाने आरोग्यधामांतील खाटा अत्यल्प होत्या. म्हणून रुग्णांचे दोन गट पाडून एकास आरोग्यधामात व दुसऱ्यास घरी, आयसोनियाझिड व पॅस ही एकच औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षाअखेरीस रोग शमलेल्यांचे प्रमाण आरोग्यधामात शेकडा ९२, तर घरी शेकडा ८६ होते. घरचा आहार निकृष्ट व विश्रांती अपुरी असूनही अंतर इतके थोडे राहिले. घरातील माणसांना त्यामुळे अधिक बाधा होते, असेही आढळले नाही.

तथापि गृहोपचाराची खरी कसोटी निराळीच होती. रुग्ण औषध घेतो की नाही, हे कसे कळावे? त्यासाठी आरोग्यसेविका अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीत औषधाचा अंश तपासला जाई. पुढे १९९७ पासून भारतात विस्तारलेल्या 'डॉट्स' पद्धतीत रुग्णाने सेवकासमोर गोळी गिळावी, असा नियम झाला. त्यायोगे खात्री वाढली. परंतु केंद्रापर्यंतची पायपीट व बुडणारी मजुरी यांचा भार रुग्णावर पडला.

हा भार हलका करण्यासाठी '९९डॉट्स' ही योजना पुढे आली. गोळी वेष्टनातून काढताच आतील दूरध्वनी क्रमांक दृष्टीस पडतो. त्यावर रुग्णाने विनामूल्य 'मिस्ड कॉल' द्यावयाचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथील रुग्णांच्या अशा नोंदी पडताळण्यात आल्या. पडताळणीचे साधन कोणते? अवचित गृहभेट व लघवीची तपासणी! नोंदींची अचूकता अपेक्षेहून कमी ठरली.

यावरून दूरदेखरेख व्यर्थ होय, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. 'मिस्ड कॉल'वरून दूरध्वनी वाजल्याचे कळते, गोळी गिळल्याचे नव्हे, एवढाच भेद ध्यानी ठेवावयास हवा. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारे जंतू निर्माण होतात. म्हणून हा भेद केवळ तात्त्विक नाही. कोणाच्या घरी आज जावयास हवे, हे यंत्र आरोग्यसेविकेस सुचवू शकेल. परंतु ते आले म्हणून तिची फेरीच बंद करणे म्हणजे मद्रासच्या प्रयोगाचा अर्धाच धडा घेणे होय.