रिमोट हरवला, वाय-फाय बदलले : भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरींचा इतिहास

१/ घर बदलले. नवा राउटर आला. त्याचे नाव नवे, पासवर्डही नवा. टीव्हीला जोडलेली स्ट्रीमिंग स्टिक मात्र अजून जुन्याच वाय-फायचा शोध घेत आहे आणि सामानाच्या हलवाहलवीत तिचा रिमोट गहाळ झाला आहे. फोनवरचे अ‍ॅप रिमोटचे काम करू शकते, पण त्यासाठी फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर हवेत. स्टिकला वाय-फायवर आणायचे, तर रिमोट हवा!

२/ लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ही गत. या पेचातून सुटण्याचा मार्ग आहे आणि तो थ्रेडच्या उत्तरार्धात येईल. परंतु हा पेच मुळात निर्माण कसा झाला, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर एका साध्या वस्तुस्थितीभोवती फिरते : रिमोटचा प्रकाश आणि ध्वनी भिंतीपाशी थांबतात, रेडिओलहरी थांबत नाहीत.

३/ आरंभ १८९८ मध्ये. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट चालवून दाखवली. बोटीत माणूस नव्हता, तिला तारही जोडलेली नव्हती. ती रेडिओलहरींच्या आज्ञेने वळत होती. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी टेस्लांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. म्हणजे दूरनियंत्रणाची पहिली मोठी झेप रेडिओच्याच बळावर होती. तरीही पुढे टीव्हीच्या रिमोटने रेडिओची वाट सोडली. त्याचे कारण मोठे रंजक आहे.

४/ १९५० साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीने ‘लेझी बोन्स’ नावाचा टीव्ही रिमोट बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांना जाहिरातींचा तिटकारा होता. प्रेक्षकाला खुर्चीतूनच त्या टाळता याव्यात, अशी त्यांची इच्छा. पण हा रिमोट एका लांब केबलने टीव्हीला बांधलेला होता. दिवाणखान्यातून जाता-येता लोक त्या केबलला अडखळू लागले.

५/ १९५५ मध्ये झेनिथचेच अभियंते यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ आणला. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाशसंवेदी घटक बसवलेले होते. हातातील बॅटरीचा झोत योग्य कोपऱ्यावर टाकला की चॅनेल बदले किंवा आवाज बंद होई. केबल गेली, परंतु नवी अडचण उभी राहिली. खिडकीतून येणारे ऊनही त्या कोपऱ्यांवर पडे आणि टीव्ही आपल्याच मनाने चॅनेल बदलू लागे.

६/ मग काम आले रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्याकडे. व्हिएन्नात जन्मलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९४१ पासून झेनिथमध्ये होते. रेडिओलहरी वापरण्याचा विचार झाला आणि तो बाजूला ठेवण्यात आला, कारण रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात. आपण बटण दाबावे आणि शेजारच्या घरातला टीव्ही बदलावा, असा तो प्रकार झाला असता. हा नकार लक्षात ठेवा; पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

७/ दुसरी अट विक्री विभागाची होती : रिमोटमध्ये बॅटरी नको. बॅटरी संपली तर ग्राहकाला टीव्हीच बिघडला असे वाटेल, ही त्यांची भीती. म्हणून अ‍ॅडलरनी ध्वनी निवडला. रिमोटमध्ये किंचित वेगवेगळ्या लांबीच्या चार अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या. बटण दाबले की छोटी हातोडी कांडीवर आदळे आणि माणसाला ऐकू न येणारा उच्च स्वर उमटे. १९५६ चा हाच ‘स्पेस कमांड’.

८/ हा स्वर ओळखण्यासाठी टीव्हीत सहा जादा निर्वात नळ्या बसवाव्या लागत आणि त्यामुळे टीव्हीची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे. म्हणजे रिमोट ही उघडउघड चैन होती. तो नसला किंवा हरवला तरी टीव्हीच्या अंगावरची बटणे शाबूत असत. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच : रिमोट हा दुसरा दरवाजा होता, एकमेव नव्हे.

९/ आपल्याकडेही काही वेगळे नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे घरोघरी टीव्हीचे बटण हातानेच फिरवले जाई. ‘ऊठ रे, जरा आवाज कमी कर’ हे वाक्य ज्याला उद्देशून असे, तो घरातील धाकटा मुलगाच रिमोट होता. तो खेळायला गेला, तर आजोबा स्वतः उठत; टीव्ही अडून राहत नसे.

१०/ १९८० च्या दशकात ध्वनीची जागा अवरक्त किरणांनी घेतली. तोही एक प्रकारचा प्रकाशच. फक्त डोळ्यांना न दिसणारा. आता बटणे वाढली, सूचना गुंतागुंतीच्या झाल्या, बॅटरी आली. पण जुना नियम टिकून राहिला : खोलीतील आज्ञा खोलीतच राहते. त्यामुळे कोणत्याही टीव्हीने ‘आधी ओळख पटवा, पासवर्ड सांगा’ असे कधी विचारले नाही. पासवर्डचे काम भिंतच करत होती.

११/ आता दुसरा प्रवाह. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने काही रेडिओपट्टे परवान्याविना संदेशवहनासाठी खुले केले. त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी उपकरणे याच पट्ट्यात काम करत, म्हणून दूरसंचार जगात त्याला फारशी किंमत नव्हती. अडगळीची ही जागा जो वापरेल त्याची झाली.

१२/ ती वापरण्याची घाई एका अनपेक्षित उद्योगाला होती : दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला. मोठ्या दुकानांत मांडणी सतत बदलते. दर वेळी गल्ल्याच्या यंत्रासाठी नवी तार ओढणे खर्चिक. कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी बिनतारी जाळ्यावर काम केले आणि त्यांच्यातलेच व्हिक हेज १९९० पासून दहा वर्षे ८०२.११ या मानक समितीचे अध्यक्ष राहिले.

१३/ १९९७ मध्ये ते मानक प्रसिद्ध झाले. वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिटवर गेला आणि त्याच वर्षी ‘इंटरब्रँड’ या संस्थेने त्याला ‘वाय-फाय’ हे नाव सुचवले. ‘वायरलेस फिडेलिटी’चे हे संक्षिप्त रूप, असा समज सर्वत्र आढळतो, पण नाव आधी आले आणि ते ‘हाय-फाय’च्या वळणावर घडवलेले होते. भारताने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला.

१४/ या मानकातील एक निर्णय आपल्या पेचाच्या मुळाशी आहे. मोठ्या इमारतीत एक राउटर पुरत नाही, अनेक लागतात. यंत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेले, तरी जोडणी तुटू नये. म्हणून ठरले की जाळ्याची ओळख म्हणजे त्याचे नाव. तेच नाव आणि तोच पासवर्ड असलेली कोणतीही पेटी यंत्राच्या लेखी ‘आपलीच’. ती कुठे आहे, कोणत्या कंपनीची आहे, हे यंत्र विचारत नाही.

१५/ पण पासवर्ड आला कशासाठी? अ‍ॅडलरनी रेडिओ नाकारला, त्याच कारणासाठी. १९५६ मध्ये भिंतीपलीकडे जाणे हा दोष होता, वाय-फायसाठी तोच गुण ठरला. मात्र गुणाबरोबर शेजारी आणि वाटसरूही आले. १९९७ च्या मानकातील ‘वेप’ हे कुलूप २००१ मध्ये संशोधकांनी फोडून दाखवले. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. घरगुती पासवर्ड किमान आठ अक्षरांचा झाला.

१६/ ही कुलपे कीबोर्ड असलेल्या संगणकासाठी घडवली होती. जानेवारी २००७ मध्ये नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे सुरू केले आणि मे २००८ मध्ये रोकू कंपनीने त्यासाठी टीव्हीला जोडायचा छोटा डबा आणला. अशा डब्यांना पडदा नाही, कीबोर्ड नाही आणि अंगावर चॅनेलची बटणेही नाहीत. पासवर्ड टाकायचा तो रिमोटच्या बाणांनी, एकेक अक्षर निवडत. एके काळचा दुसरा दरवाजा आता एकमेव दरवाजा झाला होता.

१७/ उद्योगाला ही अडचण दिसत होती. त्यावर ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय आली : राउटरचे एक बटण दाबा किंवा आठ अंकी पिन टाका. २०११ च्या अखेरीस तिच्यातील चूक उघड झाली. आठवा अंक पहिल्या सातांवरून ठरत होता आणि पिनचे दोन भाग स्वतंत्र तपासले जात होते. त्यामुळे शक्यता दहा कोटी नव्हे, तर १०,००० अधिक १,०००, म्हणजे अवघ्या ११,००० उरल्या. सोपा केलेला दरवाजा चोरालाही सोपा झाला.

१८/ जुलै २०१३ मध्ये गुगलने दुसरे टोक गाठले. ३५ डॉलरच्या क्रोमकास्टसोबत रिमोट नव्हताच. नवे उपकरण आधी स्वतःचे छोटे वाय-फाय सुरू करी. फोन त्याला जोडला जाई आणि घरच्या जाळ्याचे नाव व पासवर्ड त्याच्या कानात सांगे. कल्पना सुंदर होती, पण घरातील आजी-आजोबांना टीव्ही पाहण्यासाठी कुणाचा तरी फोन मागावा लागे. २०२० च्या क्रोमकास्टसोबत अखेर रिमोट आला.

१९/ आता मूळ पेच सोडवू. मुद्दा क्रमांक १४ आठवा : स्टिक जागा ओळखत नाही, फक्त नाव आणि पासवर्ड ओळखते. म्हणून एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याला जुन्या वाय-फायचे नेमके तेच नाव व तोच पासवर्ड द्या. स्टिक आपणहून त्याला जोडली जाईल. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडा, त्यावर त्या कंपनीचे रिमोट-अ‍ॅप उघडा आणि सेटिंगमध्ये जाऊन नवे वाय-फाय निवडा.

२०/ तीन पथ्ये पाळा. नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे आणि मोकळ्या जागा तंतोतंत हव्यात. जुनी स्टिक केवळ २.४ गिगाहर्ट्झ ओळखत असेल, तर हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यावर ठेवा. अ‍ॅप आधीच उतरवून, खात्यात प्रवेश करून ठेवा. नवे वाय-फाय निवडताच अ‍ॅपचा संपर्क तुटेल. घाबरू नका, दुसरा फोनही नव्या वाय-फायवर न्या. दोन फोन नसतील, तर नव्या राउटरलाच जुने नाव आणि जुना पासवर्ड द्या. मग काहीच बदलावे लागत नाही.

२१/ जुना पासवर्ड आठवत नसेल, तर तो जुन्या लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये बहुधा साठवलेला असतो. आणखी एक दरवाजा एचडीएमआय केबलमध्ये आहे. तिच्या १३ व्या पिनेवर ‘सीईसी’ नावाची यंत्रणा असते; ती टीव्हीच्या रिमोटची आज्ञा स्टिकपर्यंत पोहोचवते. टीव्ही कंपन्या तिला आपापली नावे देतात : ब्राव्हिया सिंक, एनीनेट प्लस, सिम्पलिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू असेल, तर टीव्हीच्या रिमोटचे बाणच स्टिकला चालवू शकतात.

२२/ या युक्तीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जे आपण स्वतःच्या स्टिकला फसवण्यासाठी केले, तेच दुसरा कुणी आपल्याला फसवण्यासाठी करू शकतो. ज्या वाय-फायला पासवर्डच नाही, तिथे तर नुसत्या नावाची नक्कल पुरते. स्थानकावरचे किंवा उपाहारगृहाचे नाव घेऊन उभा केलेला हॉटस्पॉट फोनला खराच वाटतो. सुरक्षातज्ज्ञ याला ‘दुष्ट जुळा’ म्हणतात. म्हणून असली जुनी नावे फोनच्या यादीतून काढून टाका आणि स्टिक विकताना ती मूळ स्थितीत आणूनच द्या.

२३/ झेनिथच्या विक्रेत्यांची भीती आठवते? रिमोटची बॅटरी संपली, तर लोकांना टीव्हीच बिघडला असे वाटेल. तेव्हा तो गैरसमज ठरला असता, कारण टीव्हीवर बटणे होती. आज रिमोट हरवला की धडधाकट स्टिक खरोखरच निरुपयोगी होते आणि अनेकदा कचऱ्यात जाते. हे तंत्रज्ञानाचे अटळ प्राक्तन नव्हते. अंगावरची बटणे काढून टाकण्याचा निर्णय माणसांनीच घेतला. पुढचे उपकरण घेताना ‘रिमोट नसेल तेव्हा हे कसे चालेल?’ असे दुकानदाराला अवश्य विचारा.

२४/ थ्रेड येथे पूर्ण. तुमच्या घरी बटण फिरवून चालणारा जुना टीव्ही अजून असेल, तर त्याचा फोटो खाली जरूर टाका. आणि ज्याचा रिमोट परवाच्या हलवाहलवीत हरवला आहे, अशा मित्रापर्यंत मुद्दा १९ आणि २० पोहोचवा.