मावशी, तारापूर आणि आयोडीन

माझी मावशी शिरगावची. तिथून तारापूरचं अणुवीज केंद्र सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. १९६९ साली ते सुरू झालं. तेव्हापासून गावात कुणी आजारी पडलं की कुणीतरी उत्तरेकडे बोट दाखवणारच. मावशीचं थायरॉईड बिघडलं, फार जोरात चालायला लागलं, आणि डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन घ्यायला सांगितलं. मावशी उडालीच. "ज्याच्या भीतीत जन्म काढला तेच आता प्यायचं?"

प्रश्न रास्त होता. थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं आणि अन्नातून ते जेमतेमच मिळतं. म्हणून ही ग्रंथी हावरी. रक्तात असतं त्याच्या वीस-चाळीस पट आयोडीन ती ओढून घेते. पण साधं कुठलं आणि किरणोत्सारी कुठलं, हे तिला कळत नाही. दोघांचे रासायनिक गुण एकच. फरक फक्त अणुकेंद्रात.

ही हाव उपयोगी पडेल हे सॉल हर्ट्झ या बॉस्टनच्या डॉक्टरला सुचलं. १९३६ साली एका भौतिकशास्त्रज्ञाच्या व्याख्यानानंतर त्याने विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? पुढच्या वर्षी सशांवर प्रयोग झाले. १९३८ साली सीबॉर्ग आणि लिव्हिंगूड यांना आयोडीन-१३१ सापडलं, आणि १९४१च्या मार्चमध्ये हर्ट्झने पहिल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३चं. आयोडीन बनायचं तुर्भ्याच्या अणुभट्टीत.

याच हावेने १९८६ साली चेर्नोबिलला घात केला. अणुभट्टीतून उडालेलं आयोडीन गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, दुधातून मुलांच्या गळ्यात. पुढच्या वीस वर्षांत तेव्हाच्या मुलांमध्ये थायरॉईड कॅन्सरचे सहा हजारांवर रुग्ण निघाले. सगळेच काही त्या दुधामुळे नव्हेत, पण बरेचसे. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना साधं आयोडीन पाजलं. ग्रंथीचं पोट आधीच भरलेलं असलं की नंतरचं ती फारसं घेत नाही! पण ते आधी किंवा पहिल्या काही तासांतच द्यावं लागतं, आणि वाचतो तो फक्त थायरॉईड. सिझियमवर त्याचा काही उपयोग नाही. तारापूरच्या आसपास राहणाऱ्यांनी गोळीपेक्षा ही वेळ लक्षात ठेवावी, असं मला वाटतं.

मावशीने शेवटी औषध घेतलं. काही दिवस नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, अशी तंबी होती. दर आठ दिवसांनी निम्मं होतं म्हणे, एवढं तिने पक्कं धरलं आणि कालनिर्णयवर आठवा दिवस पेनाने गोल केला.