गिरमिटाला वीज लागली तेव्हा

परिचयाच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती. तक्त्यांच्या चौकटींना भोके पाडायला सुतारमामा आले होते. त्यांच्या ड्रिल मशीनच्या वायरीला प्लगच नव्हता. दोन उघडी टोके त्यांनी सॉकेटमध्ये घातली आणि काडेपेटीतल्या काड्या खुपसून पक्की केली. तिसरी, हिरवी तार मागे दुमडलेली होती. "हिची गरज नाही सर, मशीन दोन तारांवर चालतं," मामा म्हणाले. त्यांचे म्हणणे खरेच होते. मग ही तिसरी तार आली कोठून?

विजेच्या ड्रिलचे पेटंट १८८९ साली मेलबर्न येथे आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी घेतले. ते यंत्र खाणकामासाठी होते, हातात धरण्यासाठी नव्हे. हाताने उचलता येणारे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत, स्टुटगार्टच्या फाइन कारखान्यात तयार झाले. वजन साडेसात किलोग्रॅम! पुढे अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीने ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि चाप बसवला. त्याचे पेटंट १९१७ चे. आजच्या ड्रिलचा आकार तोच आहे.

ही मूठ फार सोयीची, पण तिच्यातच एक धोका होता. त्या काळी ड्रिलचे आवरण धातूचे असे. आतल्या तारेवरचे वेष्टन झिजून ती आवरणाला टेकली, की सारे आवरण विद्युन्मय होई, आणि ते तर तळहाताने घट्ट धरलेले! प्रत्यावर्ती प्रवाहाने स्नायू आखडतात. बोटे मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असल्यामुळे मूठ आणखीच आवळली जाते. "विजेने धरून ठेवले" असे लोक म्हणतात. खरे तर आपलाच हात तिला धरून ठेवतो.

किती प्रवाहाला हात सुटेनासा होतो? अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजले. पुरुषांसाठी सरासरी मर्यादा सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी सुमारे साडेदहा निघाली.

आता वर्गात एक गणित घालून पाहा. ओल्या हातांच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह किती? ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. प्राण जायला तो पुरेसा आहे. पण ५ अँपिअरच्या वितळतारेला त्याची दखलही नसते. वितळतार वायरिंगला जळण्यापासून वाचवते, माणसाला नव्हे. हा मुद्दा मुलांच्याच काय, आपल्याही सहसा लक्षात येत नाही.

तिसरी तार येते ती येथे. तिने आवरण जमिनीशी जोडलेले असले, तर बिघाड होताच त्या कमी रोधाच्या वाटेने मोठा प्रवाह जातो आणि वितळतार वितळते. आपल्या तीन पिनांच्या प्लगमधील भूसंपर्काची पिन लांब असते, कारण ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. ती जाडही असते, म्हणजे चुकीच्या भोकात जात नाही. पण ही तार तुटली, तरी मशीन पूर्वीसारखेच चालते. त्यामुळे बिघाड कळतच नाही.

या उणिवेवर एक उपाय म्हणजे दुहेरी विद्युतरोधन. नेहमीच्या वेष्टनाबाहेर आणखी एक स्वतंत्र थर, बहुधा प्लास्टिकच्या आवरणाचा. अशा ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि वायरीत दोनच तारा असतात. त्याला भूसंपर्क जोडायचा नसतो.

दुसरा उपाय डॅलझील यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पुढे आणला. युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत त्याआधीच असे प्रयत्न झाले होते. विद्युन्मय व तटस्थ या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असला, की परिणाम शून्य. थोडा प्रवाह माणसातून जमिनीत गेला, की तोल बिघडतो आणि क्षणार्धात पुरवठा तुटतो. आपल्याकडे यासाठी ३० मिलिअँपिअरचे साधन वापरतात. धक्का बसतो, पण हृदयाची लय बिघडण्याआधी प्रवाह थांबतो. मात्र एका हातात विद्युन्मय आणि दुसऱ्या हातात तटस्थ तार धरणाऱ्याला हे साधन ओळखू शकत नाही. त्याच्या लेखी तो एक दिवाच!

यांतले काहीही एकदा बसवून विसरता येत नाही. त्या साधनावर चाचणीचे बटण असते, ते मधूनमधून दाबून पाहावे. ड्रिलची वायर मुठीत शिरते तिथेच वाकून तुटते, म्हणून वायरीला धरून मशीन उचलू नये. मोटरमधील कार्बन ब्रश झिजले, की त्यांची वीजवाहक भुकटी आत साचते आणि दुहेरी रोधनही कमकुवत करते. वायर सॉकेटमधून काढून मगच ती साफ करावी.

शाळेने पुढे नवे ड्रिल घेतले. दोनच पिना पाहून मामांनी या वेळी तक्रार केली, "सर, फसवलं की आपल्याला! तिसरी तारच नाही." त्यांना आवरणावरचे दोन चौकोन दाखवले. "अस्सं होय! मला वाटलं, कंपनीचा शिक्का असेल," मामा म्हणाले, आणि सॉकेटकडे गेले. या खेपेस हातात काड्या नव्हत्या.