राज्य मिळाले, भाषा गेली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता तो संगणकाच्या नोकरीत आहे. पण व्याकरणाचे वेड शाळेपासूनचे. फराळ झाल्यावर त्याने पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. वहीत त्याने चक्क एक नवी भाषा रचली होती! लॅटिनच्या पोटी जन्मलेली, फ्रेंच-इटालियनची बहीण शोभेल अशी. पण उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या सहवासात वाढलेली. पानोपानी क्रियापदांचे तक्ते. धातू लॅटिन आणि त्यांना लागलेले पुरुषांचे व काळांचे प्रत्यय नॉर्स.

"सर, असं खरंच घडू शकलं असतं का?"

मी म्हटले, "अरे, ही परीक्षा इतिहासाने हजार वर्षांपूर्वीच घेतली आहे. निकालही लागला आहे. मात्र तो तुझ्या वहीच्या उलट आहे."

त्याला सांगितलेली हकीकत वाचकांपुढेही ठेवावी असे वाटले. आपण दोन भाषांच्या शिवेवर राहणारी माणसे. आपल्याला तिचा उपयोग आहे.

नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडच्या दर्यावर्दी टोळ्या फ्रान्सच्या नद्यांतून आत शिरून लूटमार करीत. ८८५ साली त्यांनी थेट पॅरिसला वेढा घातला. अखेर राजा तिसरा चार्ल्स याने ९११ च्या सुमारास त्यांचा पुढारी रोलो याच्याशी तह करून सीन नदीच्या मुखाकडचा मुलूख त्याच्या हवाली केला. ९१८ सालच्या एका राजपत्रात या देणगीचा उल्लेख आहे. 'उत्तरेकडच्या माणसांचा मुलूख' म्हणून त्याला नॉर्मंडी हे नाव पडले. तलवार, जमीन, सत्ता सारे नॉर्स लोकांच्या हाती होते. भाषाही त्यांचीच टिकायला हवी होती, असे आपल्याला वाटेल.

प्रत्यक्षात काय झाले? रोलोचा मुलगा विल्यम याला आपल्या मुलाच्या, रिचर्डच्या, शिक्षणाची चिंता पडली. राजधानी रूआँमध्ये 'डेनिश'पेक्षा लॅटिनपासून आलेली देशी बोलीच अधिक चालते, म्हणून त्याने मुलाला बायू या गावी वाडवडिलांची भाषा शिकण्यासाठी ठेवले, असे द्यूदो नावाचा इतिहासकार सांगतो. द्यूदोचे सगळेच लिखाण विश्वासार्ह मानत नाहीत. पण ही नोंद बोलकी आहे. तहाला पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती, आणि राज्यकर्त्याच्या मुलाला आजोबांची भाषा शिकायला परगावी जावे लागत होते!

कारण शोधायला दूर जायला नको. आलेल्यांत लढवय्ये पुरुष अधिक होते, त्यांनी इथल्या मुलींशी लग्ने केली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुले आईच्या मांडीवर आईचीच भाषा शिकली. बापाची भाषा नौकेवर आणि किनाऱ्यावर उरली.

म्हणून तिचे अवशेषही तिथेच सापडतात. ऑनफ्लर, बारफ्लर, काउडबेक, इव्हतो या गावांच्या नावांत नॉर्स शब्द आहेत. 'बेक' म्हणजे ओढा. फ्रेंचमध्ये लाटेला 'व्हाग' म्हणतात, तोही नॉर्स. पण माझ्या विद्यार्थ्याला हवी होती क्रियापदे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

नॉर्समध्ये 'सिग्ला' म्हणजे शिडावर नौका हाकणे. 'त्याने नौका हाकली' याला 'सिग्ल्दी' म्हणत. त्यातला 'द' हे भूतकाळाचे चिन्ह. हा धातू नॉर्मन लोकांच्या तोंडून फ्रेंचमध्ये आला आणि आज 'सँग्ले' या रूपात नांदतो आहे. पण तो चालतो कसा? 'गाणे' या अर्थाच्या 'शाँते' या अस्सल लॅटिन क्रियापदासारखा! 'तो गाईल' ला 'शाँतरा', तसे 'तो नौका हाकील' ला 'सँग्लरा'. हा भविष्यकाळाचा प्रत्ययही मूळचा लॅटिनमधल्या 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाच्या क्रियापदाचा झिजलेला अवशेष. नॉर्स भूतकाळाचा तो 'द' मात्र मागमूस न ठेवता गेला. नौका सज्ज करणे या अर्थाच्या 'स्किपा' पासून 'एकिपे' झाले, इकडेतिकडे धावणे या अर्थाच्या 'फ्लाना' पासून 'फ्लाने', म्हणजे रमतगमत भटकणे. सगळ्यांनी लॅटिनचाच गणवेश घातला.

पुढे १०६६ साली रोलोच्याच वंशातल्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा तो फ्रेंच बोलत होता. तिथेही तेच घडले. १३६२ साली न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा करावा लागला. एकाच घराण्याने दोन राज्ये मिळवली आणि दोन भाषा गमावल्या!

यातला धडा मला असा दिसतो. शब्द हे पाहुणे. ते येतात, राहतात, कधी घरचेच होतात. घराची मालकी कोणाची, हे क्रियापदाच्या प्रत्ययावरून कळते. आपल्या मराठीनेही हेच केले. 'बदल' अरबी, पण 'बदलतो, बदलला, बदलेल' हे मराठी. फारसी 'फर्मूदन'चे नातलग 'फर्मावणे' आपण मराठीतच चालवतो. तूप, अण्णा, अक्का हे कन्नडकडून आलेले शब्द तर आपल्या स्वयंपाकघरात आणि ओसरीवर इतके रुळले, की ते परके वाटत नाहीत.

माझी पुतणी बंगळूरला वाढते आहे. दर मे महिन्यात तिचे आईवडील तिला महिनाभर आमच्याकडे ठेवतात; मराठी कानावर पडावी म्हणून. बायूला ठेवलेल्या रिचर्डची आठवण मला तेव्हा हटकून येते. परवा ती म्हणाली, "काका, मी फोटो डाउनलोड केलेला, पण चुकून डिलीट झाला." तिची आई ओशाळली. मी म्हटले, "वहिनी, 'केलेला' आणि 'झाला' शाबूत आहेत ना? मग काळजी नको."

काळजी दुसरीच आहे. आपण मराठीत विचारावे आणि मुलाने उत्तर निराळ्याच भाषेत द्यावे, असा दिवस घरात उगवतो. त्या दिवशी एखादा शब्द नव्हे, क्रियापदच गेलेले असते. नॉर्मंडीत ते कोणा शत्रूने हिरावून नेले नव्हते. बापाने घरात बोलणे सोडले, एवढेच.

विद्यार्थ्याने वही मिटली. "सर, तक्ते उलटे करावे लागतील," तो म्हणाला. जाताना उंबरठ्यावर थांबून त्याने घरी फोन लावला आणि लेकीशी मराठीत बोलू लागला. पलीकडून काय उत्तर आले, ते मला ऐकू आले नाही.