पेशंटसोबत आलेल्या माणसाचं काय?

मंडळी, कॅन्सरचा विषय निघाला की आपण औषधांबद्दल बोलतो, मशिनबद्दल बोलतो, खर्चाबद्दल तर बोलतोच. पेशंटसोबत आलेल्या माणसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. रात्रभर उशाशी बसणारी बायको, रोजगार बुडवून आलेला मुलगा, धाकट्या लेकराला सासूकडे ठेवून आलेली आई. हा माणूस थकला की त्याचा फटका पेशंटलाही बसतो. आपल्याकडे काही लोकांना हे फार आधी कळलं होतं. त्यांचाच थोडा इतिहास आज मांडतोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात परळपासून. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या, त्याही दूर वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये. तशा उपचारांची सोय आपल्या देशात असावी, असं त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात होतं. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. मागच्यांनी काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. सात मजली इमारत, ८० खाटा. म्हणजे देशातलं सगळ्यात नावाजलेलं कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं, तेच मुळी पेशंटच्या घरच्या माणसाच्या दुःखातून. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. देशभरातून लोक येऊ लागले.

आता अडचण बघा. खाट मिळते ती पेशंटला, तीही भरती असेल तेव्हाच. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असं कित्येक आठवडे चालतं. केमो दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, महिनोन्‌महिने. यातलं बरंचसं दिवसा घेऊन संध्याकाळी बाहेर पडायचं असतं. मग नांदेडच्या, सिंधुदुर्गाच्या, बिहारच्या माणसाने मुंबईत राहायचं कुठे? हॉस्पिटलसमोरच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रोडचा फूटपाथ हे त्याचं वर्षानुवर्षांचं उत्तर आहे. हातात फाइल, शेजारी पाण्याची बाटली, वर प्लास्टिक.

ही गोष्ट डोळसपणे पाहणारा एक माणूस होता. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, हे आपल्याला पाठ असतं. पण त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी केली. यात्रेकरूला निवारा लागतो, तसा दवाखान्याच्या वारीला निघालेल्यालाही लागतो, हे त्यांनी ओळखलं. बाबा १९५६ मध्ये गेले. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात.

कुणी म्हणेल, ही दया झाली, यात उपचार कुठे आला? तर उपचार इथेच आहे. औषधाची वेळ कोण सांभाळतं? ताप आला, तोंडात फोड आले, जेवण जाईना, हे आधी कुणाच्या लक्षात येतं? सोबतच्याच. तो तीन रात्री झोपलेला नसेल तर वेळ चुकते, लक्षण सुटतं. पैसे आणि रजा संपली की उपचार अर्धवट टाकून गाडी गावाकडे वळते. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये तर हा प्रश्न फार मोठा आहे, कारण मूल बरं होण्यासारखं असूनही केवळ राहण्या-खाण्याच्या अडचणीने घर हात टेकतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती फाइलमध्ये लिहिलेली नसते. पेशंटला सगळं दिसत असतं. बायको वाळत चाललीय, मुलाचं कर्ज वाढलंय, हे त्याला कळतं. मग तो दुखतंय हे सांगायचंच बंद करतो. ‘माझं ओझं झालंय’ हा विचार त्याला आतून खातो. पेशंटचा मानसिक ताण आणि सांभाळणाऱ्याचा ताण एकमेकांसोबत वाढतात, हे संशोधनातही वारंवार दिसलंय.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, पैशाचं, घराचंही असतं, म्हणून काळजी पेशंटची आणि कुटुंबाची मिळून घ्यायची, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती अवेदना सदन सुरू केलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस.

त्याच सुमाराला कायद्याने उलटी गाठ मारली. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट झालं की अनेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. पेशंट रात्रभर कण्हतोय आणि घरचे हतबल होऊन बघतायत, असं घरोघरी घडलं. हे नियम सोपे करणारी दुरुस्ती यायला २०१४ उजाडलं.

केरळने मात्र वेगळी वाट धरली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी काम सुरू केलं. पुढे वस्तीवस्तीतले सामान्य लोक प्रशिक्षण घेऊन त्यात उतरले. नर्स घरी जाते, सोबत शेजारचा स्वयंसेवक असतो. गरज असेल तिथे तांदूळ पोचतात, मुलांच्या शाळेचं बघितलं जातं. २००८ मध्ये राज्य सरकारने यासाठी धोरणच आणलं. थोडक्यात, एकट्या सुनेच्या किंवा बायकोच्या खांद्यावरचं ओझं गल्लीने वाटून घेतलं.

आपण अजून ‘घरच्यांनी नाही करायचं तर कुणी?’ यावरच अडलोय. आणि घरचे म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. तिच्या त्यागाचं कौतुक करून आपण मोकळे होतो.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. केमो जिल्ह्यात मिळाली तर मुंबईच्या खेपा वाचतील. पण आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठवर आलं, हे आपणच विचारायला हवं. तिथे सोबतच्याला बसायला जागा, रात्री निवारा, स्वस्त जेवण, समुपदेशक आहे का? घरी जाणारी नर्स आहे का? पुढच्या वेळी मतं मागायला कुणी आलं की हे प्रश्न विचारा.

आणि तोवर एक करा. ओळखीत कुणाकडे कॅन्सरचा पेशंट असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. कुणी सांगत नसतं. डबा घेऊन जा, चार तास पेशंटजवळ बसा आणि त्या माऊलीला म्हणा, तुम्ही जरा झोपा, मी आहे.