कॅडमियमचा हिशेब

मानवी शरीरात काही धातू इतक्या अल्प प्रमाणात असतात की शास्त्रज्ञांनी त्यांना लेशमूलद्रव्ये असे नाव दिले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. प्रयोगशाळेशी आमचा संबंध पुस्तकांपुरताच. परंतु या लेशमात्र धातूंच्या इतिहासातील एक प्रकरण कारखान्याच्या हजेरीपटावर लिहिले गेले आहे, म्हणून ते सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. १९२१ साली बर्त्रां आणि व्लादेस्को या संशोधकांना तीत जस्ताचे प्रमाण फार मोठे आढळले. १९५२ साली मॉसन आणि फिशर यांनी दाखविले की कर्करोग झालेल्या ग्रंथीत हे जस्त बरेच घटलेले असते. याचा उलगडा पुढे हळूहळू झाला. निरोगी पेशी जस्ताच्या जोरावर सायट्रिक आम्ल जाळण्याची क्रिया रोखून धरतात व ते आम्ल वीर्यासाठी साठवितात. कर्करोगी पेशी जस्त गमावतात आणि तेच आम्ल स्वतःसाठी जाळू लागतात. जस्त घटणे हे रोगाचे कारण की परिणाम, हा वाद मात्र मिटलेला नाही.

या जस्ताचा एक भाऊबंद आहे, कॅडमियम. १८१७ साली जर्मनीत श्ट्रोमायर यांना तो जस्ताच्याच संयुगात भेसळ म्हणून सापडला. खनिज एक, गुणधर्म जवळचे. त्यामुळे शरीरात तो जस्ताच्या जागी जाऊन बसू शकतो. भाऊबंदकीचा हा प्रकार आपल्याला नवा नाही! शिवाय तो लवकर बाहेरही पडत नाही; मूत्रपिंडात साठलेला कॅडमियम निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षे लागतात.

१८९९ साली स्वीडनच्या युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी काढली आणि हा धातू धुळीच्या रूपाने कामगारांच्या छातीत शिरला. १९५० साली स्वीडनमधीलच फ्रीबर्ग यांनी अशा कामगारांची फुफ्फुसे व मूत्रपिंडे बिघडलेली असल्याचे नोंदविले. १९६५ साली इंग्लंडात पॉट्स यांनी दहा वर्षांहून अधिक काळ ही धूळ खाल्लेल्या कामगारांचा हिशेब मांडला. आठ मृत्यूंपैकी तीन प्रोस्टेटच्या कर्करोगाचे होते. १९६७ साली किपलिंग आणि वॉटरहाउस यांनी २४८ कामगार मोजले. त्यांच्यात या रोगाचे चार रुग्ण निघाले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने अपेक्षा होती ०.५८ ची, म्हणजे एका पुऱ्या माणसाचीही नव्हे.

येथे व्याख्यान संपविले तर टाळ्या पडतील. पण हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. १९८३ साली सोराहान यांच्यासह त्याच वॉटरहाउस यांनी ३,०२५ बॅटरी कामगारांची नोंद तपासली. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध असल्याचा नवा पुरावा त्यांना मिळाला नाही. मिळाला तो श्वसनमार्गाच्या कर्करोगाचा काही पुरावा. १९९३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून जाहीर केले, ते मुख्यतः फुफ्फुसांच्या पुराव्यावर. प्रोस्टेटबाबत संबंध दिसतो, पण तो सिद्ध झालेला नाही, असे २०१२ चे तिचे मत आहे.

कोणी म्हणेल, मग कामगारांचा आकडा खोटा ठरला. तसे नव्हे. चार माणसे खरीच होती. त्यांच्यामुळेच तीन हजारांची मोजणी झाली आणि धोक्याची खरी जागा कळत गेली. आपल्या बाजूचा आकडा आहे म्हणून तो फुगवावा, हे आम्हाला मान्य नाही. फुगविलेला आकडा मालकाच्या वकिलापुढे पहिल्याच प्रश्नाला फुटतो, आणि त्याबरोबर खरी तक्रारही बुडते.

आमच्या संघटनांच्या वह्यांत वर्गणी असते, संपाचे दिवस असतात. तेथे आणखी एक पान हवे: कामगाराचे नाव, खाते, किती वर्षे कोणत्या धुळीत काम केले, तंबाखू ओढत होता की नाही आणि अखेर कशाने गेला. तंबाखूची नोंद अशासाठी, की तिचे पानही जमिनीतला कॅडमियम ओढून घेते. ती गाळली तर दोष कोणाचा हे कधीच ठरणार नाही. हे पान लिहायला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. ते कोरे राहिले, तर पुढच्या पिढीतील संशोधकाला मोजायला काही उरणार नाही, आणि न मोजलेला मृत्यू न्यायाच्या तराजूत कधी चढत नाही.