फवारणीचं विमान आणि वायर

ड्रोन फवारणीवर परवा बरीच चर्चा झाली. मंग वाटलं, माणूस बसलेल्या विमानानं फवारणी कशी सुरू झाली अन् त्यात माणसं का मेली, तेही लिहावं.

3 ऑगस्ट 1921. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ कॅटाल्पा झाडांच्या बनावर अळी पडली होती. लेफ्टनंट मॅकरेडी यांनी लष्कराचं जुनं विमान झाडांच्या शेंड्यावरून नेलं. एटियेन डॉर्मॉय यांनी बनवलेली विषाच्या भुकटीची पेटी विमानाच्या अंगाला बसवली होती अन् तिचा दांडा ते स्वतः फिरवत होते. सहा एकर बन एका मिनिटाच्या आत झालं! पुढच्याच वर्षी लुईझियानात टॅल्युला इथं कापसावर हेच केलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिकाऊ विमानं स्वस्तात निघाली. पुढची सीट काढायची, तिथं औषधाची टाकी. काही हलक्या विमानांत तर टाकी पायलटच्या मागं असायची. म्हणजे विमान आपटलं की सगळा भार त्याच्या पाठीवर. ही विमानं या कामासाठी बनलेलीच नव्हती.

अपघात होतो कुठं? बहुतेकांना वाटते इंजिन बंद पडत असेल. तेही होते, पण धुऱ्यावरचं वळण लई वाईट. तास संपला की पायलट वर ओढतो, वेग कमी होतो, टाकी भरलेली, त्यात तिरपं वळण. पंखावरची हवा सुटली की विमान दगडासारखं पडते. उंचावर असता तर सावरला असता, इथं खाली जागाच नसते.

दुसरी वायर. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. अन् कित्येक पायलट आधी पाहून ठेवलेल्या तारेलाच धडकले आहेत, कारण लक्ष पिकावर असते.

तिसरं विष. पॅराथिऑनसारख्या औषधानं डोळ्याची बाहुली बारीक होते, धूसर दिसते. आपल्या यवतमाळात 2017 ला पऱ्हाटीवर फवारताना 20हून जास्त लोक गेले, ते जमिनीवर उभे होते. तसंच विष अंगात गेलेला माणूस झाडाच्या उंचीवर विमान चालवतो म्हणल्यावर काय होईल?

यावर डोकं लावलं फ्रेड वाइक यांनी. टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात 1950 मध्ये त्यांचं एजी-1 विमान उडालं. इंजिन अन् टाकी पुढं, पायलट मागं अन् उंच, नाक उतरतं म्हणजे समोरचं दिसावं. पट्टा असा की वजनाच्या 40 पट झटका सोसावा. यामागं ह्यू डीहेवन यांचा विचार होता. ते स्वतः 1917 मध्ये विमानाच्या टकरीतून वाचले होते, अन् पोटातली जखम पट्ट्याच्या बकलानं झाली हे त्यांनी ताडलं. पडल्यावर माणूस कसा वाचेल, हेच ते पुढं जन्मभर शोधत राहिले. 1959 पासून आलेल्या पायपर पॉनी विमानाची आखणीही वाइक यांचीच. पुढं या विमानांच्या चाकांच्या दांड्यांवर अन् काचेपुढं तार कापणारी पातीही आली.

पण नवीन धोका उभा राहतोच. पवनचक्कीआधी वारा मोजायला बारीक मनोरे लावतात. 200 फुटांच्या आतल्या मनोऱ्याला तिकडं रंगाची, दिव्याची सक्ती नव्हती, अन् तो काही तासांत उभा होतो. काल मोकळं असलेलं वावर आज मोकळं नसते. जानेवारी 2011 मध्ये कॅलिफोर्नियात अशा मनोऱ्याला धडकून एक पायलट गेला. खुणा लावायचा कायदा अमेरिकेच्या संसदेत आला 2016 ला.